गाळप हंगामात वर्गाच्या खिडक्या: उघड्या की बंद? (सांगली-सातारा)

फुटपट्टी
कारखान्यांचे भोंगे वाजले की शाळांच्या ग्रुपवर दर वर्षी हाच वाद सुरू होतो. एक म्हणतो, पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटलंय, खिडक्या लावा. दुसरा म्हणतो, चाळीस पोरं कोंडून ठेवू नका. दोघांचंही बरोबर आहे, आणि घोळ तिथंच आहे. दोन वेगळ्या घाणी आहेत. एक आत तयार होते, ती श्वासाची. दुसरी बाहेरून येते, ती धुराची आणि धुळीची. एकीवरचा उपाय दुसरीला आत बोलावतो.

आधी आतलीचा हिशेब मांडतो. वीस बाय पंचवीस फुटांची खोली आणि दहा फूट उंची, म्हणजे सुमारे १४२ घनमीटर हवा. पाचवी-सातवीचं पोर बसल्या जागी सेकंदाला साधारण ०.००४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. चाळीस पोरांचा तासाचा आकडा होतो ०.५८ घनमीटर. खोली ठार बंद असेल तर पातळी मिनिटाला ६८ पीपीएमनं (हवेच्या दहा लाख भागांत ६८ भाग) चढते. बाहेरची हवा ४२० धरली, तर नऊ मिनिटांत हजारावर. ३५ मिनिटांची तासिका संपते तेव्हा २,८०० च्या आसपास. ठार बंद खोली कुठंच नसते, गळती असतेच, त्यामुळं प्रत्यक्षातला आकडा कमी येतो. तरी चढण किती तीव्र असते ते यावरून कळावं.

हा वायू एवढ्या पातळीला विष नाही. कारखान्यातल्या आठ तासांच्या पाळीला ५,००० पर्यंत चालतो. पण दुसऱ्याच्या फुप्फुसातून आलेली हवा किती साचलीय हे तो सांगतो, आणि गोवर, फ्लू, क्षय त्याच हवेतून फिरतात. त्यामुळं हा आकडा इशारा म्हणून बघायचा.

आता प्रश्न: धूर असताना काय करायचं? मोजमापासकट उत्तरं द्या.

शंकासुर
छताला तीन पंखे आहेत की. ते गरागरा फिरत असताना हवा कशी साचेल?

झरोका
@शंकासुर, पंखा हवा ढवळतो, आणत नाही. घामाला बरा, हिशेबाला शून्य. एक उपयोग मात्र होतो. खिडकीतून आलेली ताजी हवा मागच्या बाकापर्यंत पोचते.

हवा बदलायची तर दोन तोंडं लागतात, समोरासमोरच्या भिंतींवर. जिल्हा परिषदेच्या जुन्या खोल्यांचं हे बरं असतं: एका अंगाला पडवी आणि दार, दुसऱ्या अंगाला खिडक्या. पडवीकडच्या भिंतीला वर झरोके असतील तर ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी चिमण्या येतात म्हणून पुठ्ठा नाहीतर पत्रा ठोकलेला सापडतो. तो काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा. चिमणी थांबते, हवा थांबत नाही.

नव्या इमारतींत ॲल्युमिनियमची सरकती खिडकी असते, तिथं फसगत आहे. चार फूट रुंद खिडकी उघडली तरी दोनच फूट मोकळं होतं, एक पल्ला दुसऱ्यामागं जातो. कागदावर खिडकीचं क्षेत्रफळ पुरेसं, प्रत्यक्षात निम्मं. बाहेर उघडणारे जुने लाकडी पल्ले पूर्ण मोकळे होतात. दुरुस्तीच्या नावाखाली ते बदलायची घाई करू नका.

आणि मच्छरजाळी! बारीक नायलॉनची जाळी नवी असतानाच हवा अडवते. हंगामात तिच्यावर काजळी बसली की कापड टांगल्यासारखं होतं. वेल्क्रोवरची जाळी असेल तर महिन्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यात बुचकळा.

तांत्रिक_तात्या
मीटर घेण्याआधी एवढं वाचा, पैसे वाचतील.

कार्बन डायऑक्साइड मोजायला एनडीआयआर (अवरक्त किरणांनी मोजणारा) किंवा फोटोअकूस्टिक (उजेडानं उठलेल्या आवाजावरून मोजणारा) सेन्सर लागतो. सेन्सएअर एस८, एमएच-झेड१९, एससीडी३०, एससीडी४० ही त्यातली चालणारी नावं. स्वस्त डब्यांत बहुधा सीसीएस८११ सारखी चिप असते. ती वायू मोजत नाही, वाफांवरून अंदाज बांधते आणि पडद्यावर खुशाल 'सीओ२' लिहिते. ओळखायचं कसं? सॅनिटायझर लावलेला हात जवळ न्या. आकडा उसळला तर डबा परत करा. खरा सेन्सर श्वासानं उसळतो, सॅनिटायझरनं जवळपास हलत नाही.

बऱ्याच सेन्सरांत आपोआप शून्य सुधारायची सोय असते. गेल्या आठवड्याभरात दिसलेला सगळ्यांत कमी आकडा म्हणजेच बाहेरची हवा, असं ते धरून चालतात. शाळा रात्री रिकामी असते, म्हणून वर्गात हे जमून जातं. वसतिगृहाच्या खोलीत जमत नाही, तिथं मुलं रात्रीही असतात. आकडा हळूहळू खाली घसरतो आणि सगळं छान आहे असं वाटतं. तिथं ही सोय बंद करा आणि महिन्यातून एकदा मीटर मोकळ्या मैदानात वीस मिनिटं ठेवून हातानं शून्य द्या.

जागा: बसलेल्या पोराच्या डोक्याच्या उंचीला, खिडकीपासून आणि दारापासून दूर, कुणाचा थेट श्वास लागणार नाही अशी. शिक्षकाच्या टेबलावर नको. शिक्षक बोलतात तिकडंच.

धुरासाठी वेगळा सेन्सर, पीएमएस५००३ किंवा एसडीएस०११. दोन्ही लेझरच्या उजेडात कण मोजतात, त्यामुळं धुक्याचे थेंबही कण म्हणून धरतात. कृष्णाकाठी डिसेंबरात सकाळी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. त्या वेळचा ३०० चा आकडा बघून शाळा सोडू नका. शेजारी आर्द्रतामापक ठेवा आणि ८० च्या खाली आल्यावरचेच आकडे धरा.

पाटी_पेन्सिल
मीटर एक आणि वर्ग सात, अशा शाळेनं काय करायचं? आणि 'हवा तासाला इतक्या वेळा बदलते' असं म्हणतात ते मोजायचं कसं?

तांत्रिक_तात्या
@पाटी_पेन्सिल, एक मीटर पुरतो, फिरवा. मधल्या सुट्टीत करता येईल असं मोजमाप सांगतो.

पोरं बाहेर गेली की लगेच आकडा टिपा. खिडक्या रोज जशा असतात तशाच ठेवा. खोलीत कुणी थांबू नका, मोजणाराही नको. पंधरा मिनिटांनी पुन्हा टिपा. दोन्ही आकड्यांतून बाहेरचे ४२० वजा करा, पहिल्याला दुसऱ्यानं भागा, त्याचा नैसर्गिक लॉग घ्या (मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एलएन), आणि तासाच्या भागानं भागा.

समजा १,८२० वरून १,०२० झाले. १,४०० भागिले ६००, म्हणजे २.३३. लॉग ०.८५. पाव तास म्हणून भागिले ०.२५. उत्तर ३.४. म्हणजे हवा तासाला साधारण साडेतीन वेळा बदलते.

किती हवी? अमेरिकेतल्या ॲशरे संस्थेचं मानक नऊ वर्षांपुढच्या वर्गाला माणशी सेकंदाला ५ लिटर, शिवाय जमिनीच्या दर चौरस मीटरला ०.६ लिटर सांगतं. फुटपट्टींच्या खोलीला हे २२८ लिटर होतात, तासाला सुमारे ८२० घनमीटर. १४२ नं भागलं की जवळपास सहा वेळा. म्हणजे ३.४ वाली खोली नापास, पण वाईट नापास नाही. एखादी खिडकी मोकळी केली की काठावर पास.

कृष्णाकाठ
आता धुराकडं या, मूळ प्रश्न तो होता.

सांगली शहर केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, २०१९ पासूनचा तो कार्यक्रम. सातारा त्या यादीत नाही. म्हणून कराड-कोरेगावच्या ऊसपट्ट्यात हवा चांगली असते असं कुणी समजू नये. शिवाय ॲपवरचा एक्यूआय (हवेचा दर्जा सांगणारा आकडा) कणांसाठी २४ तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. शाळेमागचा उसाचा फड पावणेअकराला पेटला तर तो सरासरीत कुठं दिसणार?

पीएम२.५ चं (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) आपल्या देशाचं दिवसाचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. पेटलेल्या फडाच्या वाऱ्याखाली दोन्ही आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

माझं म्हणणं असं, की धूर दोन जातींचा आहे आणि दोघांना वेगळं वागवायचं.

पहिला लोळाचा धूर. वाळलेलं पाचट भराभर जळतं, एकराचा जाळ तासाच्या आत उरकतो, मागं धुमसणं राहतं. इथं खिडक्या लावणं कामाचं आहे. लावलेली, पण गळकी खोली तासाला एकदा हवा बदलत असेल तर पहिल्या वीस मिनिटांत बाहेरचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी धूर आत येतो. लोळ गेला की लगेच सगळं सताड उघडायचं. लोक इथंच चुकतात. धूर आत शिरल्यावर घाबरून खिडक्या लावतात आणि बाहेर निवळल्यावरही तशाच ठेवतात. मग तोच धूर पोरं दोन तास घेत बसतात, वरून श्वासाची हवा साचते ती वेगळीच.

दुसरा बसलेला धूर. थंडीत रात्री जमीन गार पडते, वरची हवा उबदार राहते, आणि खालचा धूर झाकणाखाली अडकल्यासारखा राहतो. फड, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, चुली, सगळ्यांचा एकत्र. हा सकाळी सात ते साडेनऊ सगळ्यांत दाट, ऊन तापलं की विरतो. इथं खिडक्या लावून काही मिळत नाही. धूर रात्रभर आत मुरलेलाच असतो, वर्ग उघडायच्या आधीपासून.

फुटपट्टी
लाख बोललात. म्हणजे साडेदहाच्या शाळेला दुसरा धूर फारसा लागत नाही. लागतो तो शनिवारच्या सकाळच्या शाळेला आणि शहरातल्या सकाळच्या सत्राला. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका असं शासनानं २०२४ मध्ये सांगितलं ते पोरांच्या झोपेसाठी. हवेचा फायदा फुकटात पदरात पडला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी शनिवारची कवायत आणि मैदानावरचा परिपाठ शेवटच्या तासाला नेता येतो. त्याला पैसा लागत नाही.

शंकासुर
कारखान्याची काजळी? बाकावर बोट फिरवलं की काळं होतं. ती जास्त वाईट असणार.

कृष्णाकाठ
दिसते म्हणून वाईट वाटते. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) बॉयलरमधून उडणारी ती काळी चिपाडं मोठी असतात, बाकावर बसतात, नाकात अडकतात. फुप्फुसात खोल जाणारा कण डोळ्यांना दिसतच नाही. काजळी ओल्या फडक्यानं पुसायची, झटकायची नाही. बाकी तिची तक्रार प्रदूषण मंडळाकडं करा, वर्गात तिच्यावर डोकं घालवू नका.

पाचट_नको
शेजारचा फड कुणाचा, तोड कधी, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्मे ऊसवालेच असतात. त्यांना एवढंच सांगायचं, की पेटवणारच असाल तर शाळा सुटल्यावर पेटवा, आणि आधी फोन करा. अगदी अंधार पडल्यावरही नको, तेव्हा वर सांगितलेलं झाकण बसायला लागतं.

त्याहून बरं म्हणजे पेटवूच नका. खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटणारं पीक) ठेवायचा असेल तर पाचट हे खत आहे. एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. पाचट सरीत दाबायचं, बुडखे मोकळे ठेवायचे, पाणी द्यायचं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यावरून हिशेब करा. हे न जमायचं कारण बहुतेकदा शेतकरी नसतो. पेटवलेला ऊस तोडायला सोपा, म्हणून ऊसतोड टोळी अडून बसते. त्यामुळं बोलायचं तर मुकादमाशीही बोला.

घाटमाथा
तुमचं सगळं सपाटीचं चाललंय. महाबळेश्वर-पाचगणी, जावळी आणि पाटणचा वरचा भाग, इकडं घाण वेगळी. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस. जून ते सप्टेंबर झड आत येते म्हणून खिडक्या बंद, भिंती ओल्या, कोपऱ्यात काळी बुरशी. दम्याच्या पोराला ती धुरापेक्षा आधी त्रास देते.

बुरशीवर ऑइलपेंट मारणं हा सगळ्यांत आवडता आणि सगळ्यांत चुकीचा उपाय. ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. क्रम असा: आधी पाणी कुठून येतं ते शोधा (फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, भिंतीला टेकलेली माती). मग साबणाच्या पाण्यानं घासा, कोरडं घासू नका, बीजं उडतात. मग ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, १ लिटरला १५ लिटर पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवा. मे महिन्यात भिंत कोरडी झाली की चुन्याची सफेदी. चुना क्षारी असतो, बुरशी सहज धरत नाही, आणि भिंत श्वास घेते.

संडासाचं ॲसिड आणि हायपोक्लोराइट एका बादलीत कधीही घालू नका. ब्लीचिंग पावडरलाही तेच लागू. क्लोरीन वायू निघतो, आणि शाळेचा शिपाई एकटा बंद खोलीत असतो.

झडीसाठी खिडकीवर दीड-दोन फुटांचा उतरता छज्जा काढा आणि वरच्या भागात लाकडी झापा बसवा. पाणी खाली जातं, हवा आत येते.

कृष्णाकाठ
यात आमचीही भर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या खोल्यांना ही ओल वर्षानुवर्षं पुरते. पुराचा गाळ ओला असतानाच फावड्यानं काढून धुवायचा. वाळू दिला आणि मग झाडला तर तोच गाळ महिनोन्महिने हवेत राहतो.

पाटी_पेन्सिल
झाडण्यावरून आठवलं, शाळा भरायच्या आधी झाडणं ही सगळीकडची पद्धत आहे. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे छताच्या उंचीवरून पंधरा-वीस मिनिटांत. अडीच मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला चार तास लागतात. सव्वादहाला झाडून साडेदहाला पोरं बसली तर बारीक धूळ त्यांच्या नाकासमोरच असते. शाळा सुटल्यावर झाडा, आधी पाणी शिंपडा, सकाळी फक्त ओलं फडकं.

खडूचंही तसंच. खडूची धूळ बहुतेक जाड असते, फळ्याखाली पडते. पण डस्टर पडवीत भिंतीवर आपटायची पोरांना भारी हौस, आणि ती सगळी धूळ दारातून परत आत येते. फळा ओल्या सुती फडक्यानं पुसा, खाली पत्र्याची पन्हळ लावा, ती रोज पाण्यानं धुवा.

शालेय पोषण आहाराची चूल अजून लाकडावर असेल तर ती वर्गाच्या वाऱ्याखाली हलवा. हिवाळ्यात आपल्याकडं वारा बहुधा पूर्वेकडून, पावसाळ्यात नैऋत्येकडून. दोन्ही ऋतूंना चालेल अशी जागा सापडत नाही, तेव्हा धुराडं छपराच्या वर तीन फूट काढणं हाच मधला मार्ग.

शंकासुर
एवढं करण्यापेक्षा एअर प्युरिफायर घ्या की वर्गणी काढून.

झरोका
घ्या, पण आधी डब्यावरचा सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) वाचा. घरगुती यंत्राचा ३५० घनमीटर असेल तर १४२ घनमीटरच्या वर्गाला अशी दोन लागतील, तेव्हा कुठं तासाला पाच वेळा हवा गाळली जाईल. कंपनीनं लिहिलेली 'इतक्या चौरस फुटांची खोली' विसरा. तो आकडा पूर्ण वेगाचा असतो, आणि त्या वेगाला इतका आवाज होतो की शिक्षक यंत्र कमी वेगावर टाकतात. मग हिशेब निम्म्यावर. शिवाय प्युरिफायर कण गाळतो, कार्बन डायऑक्साइड नाही. तो आला म्हणून खिडक्या लावल्या की पहिली घाण परत आलीच.

घरी बनवता येणारा डबाही आहे. २०२० मध्ये अमेरिकेत कोर्सी आणि रोझेन्थल यांनी सुचवलेला. चार बाजूंना एमईआरव्ही १३ दर्जाचे (बारीक कण गाळणारे) फिल्टर, खाली पुठ्ठा, वर पंखा, हवा वर फेकणारा. आपल्याकडं त्यांचा चौकोनी पंखा मिळत नाही, ३०० मिलिमीटरचा एक्झॉस्ट पंखा प्लायवुडवर बसवून भागतं. फिल्टरवरचा बाण आतल्या बाजूला हवा. सांधे कापडी टेपनं बंद. चूक नेहमी एकच होते: पंखा आणि प्लायवुड यांच्यातली फट उघडी राहते आणि न गाळलेली हवा तिथून फिरत बसते. उदबत्तीचा धूर प्रत्येक सांध्याजवळ धरून बघा.

नुसता एक्झॉस्ट पंखा लावणार असाल तर वाऱ्याच्या पाठीकडच्या भिंतीला, वर. डब्यावर हजार घनमीटर लिहिलं असेल तर जाळी-झडपेसकट सहा-सातशे धरा. त्याच्या शेजारची खिडकी बंद आणि समोरच्या भिंतीची उघडी. शेजारची उघडी राहिली तर पंखा तिथलीच हवा ओढून तिथंच फेकतो, मागची बाकं कोरडीच.

फुटपट्टी
पैशाचं बोलू. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०१ ते २५० पटाला ५० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार. दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचेच असतात. त्यात एक खरा कार्बन डायऑक्साइड मीटर, झरोक्यांच्या जाळ्या आणि ओल्या पुसण्याचं सामान बसतं. यंत्रं त्यानंतर.

अजून एक. छताला सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. पंख्यासाठी त्याला भोक पाडू नका, तारेच्या ब्रशनं शेवाळ घासू नका. पंखा भिंतीतच बसवा.

पाटी_पेन्सिल
रोजचं वेळापत्रक कसं ठेवायचं? मुलांनाच करायला सांगता येईल असं हवं.

तांत्रिक_तात्या
दर तासिकेच्या शेवटी दार आणि खिडक्या दहा मिनिटं सताड. समोरासमोर वारा असेल तर तासाला दहा वेळाचा वेग सहज मिळतो, तेवढ्यात साचलेल्याचा पाचवा हिस्साच उरतो: २,००० वरून सुमारे ७२०. हजार ओलांडला की एक जादा खिडकी उघडायची, दीड हजाराला दारही. आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं काम पाळीपाळीनं. लोळाचा धूर दिसला तर बंद, वेळ लिहायची, आणि खिडकीजवळचं पोर दर दहा मिनिटांनी बाहेर बघून सांगेल. पीएमचा मीटर असेल तर आतला आकडा बाहेरच्यापेक्षा वर गेला त्या क्षणी उघडायचं.

शंकासुर
आणि बंद असताना हजार ओलांडला तर?

कृष्णाकाठ
बाहेर लोळ असेल तोवर ओलांडू द्या. तेवढ्या वेळात २,००० झालं तरी चालेल, फडाचा धूर नको. पण अर्ध्या तासाच्या वर गेला तर पोरांना इमारतीच्या धुरापासून आडोशाच्या बाजूच्या खोलीत हलवा आणि ही खोली मागून उघडा.